क्लास लावायच्या आधी बघा, तिथं पोरं हरतात का

शाळा सुरू झाल्या की आमच्या राजारामपुरीत जागा दिसेल तिथं बोर्ड लागतात. कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंग, एमएमए, 'मुलींसाठी खास सेल्फ डिफेन्स'. नावापुढं बहुतेक वेळा 'ग्रँडमास्टर'. मी कॉलेजात ज्युदो खेळायचे हे चार लोकांना माहीत आहे, त्यामुळं जून महिन्यात "ताई, पोराला कुठं घालू?" हे ठरलेलं. नावं मी सांगत नाही. बघायचं काय ते सांगते, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. त्या क्लासमध्ये पोरं हरतात का, ते बघा.

आपण कोल्हापूरकर आहोत, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागू नये. शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली खासबाग मैदान सुरू झालं. मधे कुस्तीचा हौदा आणि सगळीकडनं चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळं कुठंही बसलं तरी कुस्ती दिसते. पाठ मातीला लागली की ती हजारो माणसांनी बघितलेली असते. मोतीबाग असो नाहीतर गंगावेस, तालमीचं नाव अशा मैदानांवर ठरलं. वस्तादानं गप्पा कितीही हाणल्या तरी पठ्ठा मैदानात चितपट झाला की विषय संपला.

आताच्या क्लासला मैदान नाही. पहिल्या मजल्यावरचा हॉल, निळ्या मॅट, एक आरसा आणि सर. सर म्हणतील ते खरं.

एक प्रात्यक्षिक तुम्हीही बघितलं असेल. समोरचा पोरगा रबरी चाकू घेऊन येतो, हात लांब करतो आणि तसाच धरून उभा राहतो. सर मनगट धरतात, वळतात, कोपर मारतात. पोरगा स्वतःच उडी मारून पडतो. पालक टाळ्या वाजवतात. आपल्याकडं याला नुरा कुस्ती म्हणतात आणि जत्रेच्या मैदानात असली कुस्ती लागली तर पब्लिक शिव्या घालतं. इथं मात्र त्याचीच फी भरतो. डाव शिकवताना जोडीदारानं साथ द्यायचीच असते, त्यात गैर काही नाही. पण पुढं कधीतरी पडायची इच्छा नसलेला माणूस समोर आला पाहिजे. रंकाळ्याच्या काठावर उभं राहून हात मारल्यानं पोहायला येत नाही.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या दिवशी जाऊ नका. आडवारी, न सांगता जा आणि पूर्ण तास बसा. सरांकडं बघू नका, सगळ्यात कच्च्या पोराकडं बघा. त्याला कोणाबरोबर जोडतात? एका तालमीत मी बघितलेलं सांगते. चांगला तयार पैलवान एका बारक्या पोराला एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा डाव, शिकवत होता. दोनदा पाय हातात दिला, तिसऱ्यांदा काढून घेतला. पोरगं तोंडावर मातीत. पैलवानानं त्याला काखेत धरून उचललं, तोंडावरची माती पुसली आणि म्हणाला, "डोकं कुठं ठेवलंस रं?" आणि पुन्हा पाय पुढं. त्या पोराला आपण का पडलो ते कळलं आणि रडायचं राहून गेलं. हे दिसलं की डोळे झाकून फी भरा.

ज्युदोत तर पडणं हाच पहिला धडा. हनुवटी छातीला, तळहात मॅटवर सपाट, मान सांभाळायची. सुरुवातीला नुसतं पडायलाच शिकवतात. ते न शिकवता पहिल्याच आठवड्यात पोरं फेकाफेकी करत असतील तर चप्पल घाला आणि निघा.

आता बेल्ट. बेल्टची ही पद्धत आली ज्युदोतनं, आणि ज्युदो जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये सुरू केला. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि परीक्षेची वेगळी फी हे मात्र आपलं नवीन पंचांग. सरांना एकच विचारा, "मागच्या परीक्षेत नापास किती झाले?" कोणीच नाही म्हणाले तर ती परीक्षा नव्हे, वर्गणी. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलांना 'दान', म्हणजे काळ्या पट्ट्याची श्रेणी, न देता 'पूम' ही मुलांची श्रेणी देतात, बेल्टही निम्मा लाल, निम्मा काळा. आठ वर्षांचं पोरगं पूर्ण काळा पट्टा बांधून फिरत असेल तर तो कुठनं आला ते विचारायला लाजू नका.

पदकांचं तेच. ओळखीतल्या एका मुलीला 'इंटरनॅशनल' स्पर्धेत पदक मिळालं. गटात मुली तीन, पदकं तीन, आणि परदेशी खेळाडू औषधालाही नाही. आईनं सोसायटीत पेढे वाटले, मीही खाल्ले. पण दहावीचे वाढीव गुण किंवा सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण डोक्यात असेल, तर ते प्रमाणपत्र चालतं का हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आधी विचारा. सरांना विचारून उपयोग नाही.

हरायला लावणं म्हणजे ठोकून काढणं नव्हे, हेही सांगते, कारण काहींना लगेच जोर चढतो. चुकलं की छडी, दुखापत झाली तरी "काय होत नाही, उठ", वजनात बसवायला चौदा वर्षांच्या मुलाचं पाणी बंद. हे करणारा कितीही पदकवाला असो, पोर त्याच्या हातात देऊ नका. डोक्याला मार लागला तर ते पोरगं त्या दिवशी परत खेळता कामा नये. डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय दुसऱ्या दिवशीही नाही. मुलींच्या बाबतीत दार उघडं पाहिजे, अक्षरशः. "पालकांनी थांबायचं नाही" असं जिथं ठामपणे सांगतात तिथनं मुलीला घेऊन घरी या. कारण विचारत बसू नका.

मर्दानी खेळाला मात्र ही फूटपट्टी लावू नका. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरतो तेव्हा अंगावर काटा येतो, माझ्याही. ती आपली परंपरा आहे, जरूर शिकवा. तिथं बघायचं ते इतकंच की आधी लाठी आणि पवित्रे पक्के करून घेतात की नाही, दोन पोरांत अंतर किती ठेवतात आणि हत्यारांची किल्ली कोणाकडं असते. रात्री रिक्षा स्टँडवर कोणी आडवं आलं तर याचा उपयोग होईल असं जो वस्ताद सांगत नाही, तो प्रामाणिक.

फी महिन्याची भरा. वर्षाची एकदम भरली की 'सवलत' मिळते आणि पोरगं ऑगस्टात कंटाळतं. आणि आता खाली कमेंटमध्ये "कराटे भारी का ज्युदो?" येणारच, म्हणून आधीच उत्तर देते. जुलैच्या पावसात स्कूटरवरनं पोराला जिथं सोडता येईल, ते भारी.