सोळा तास, तीन वाचनं, टेस्ट बंद: शेवटच्या महिन्याच्या व्हायरल प्लॅनला उत्तर

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) राज्यसेवा पूर्व परीक्षा महिन्यावर आली की टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द दरवेळी थोडे बदलतात, सार तेच असतं. रोज सोळा तास बसा, झोप चार तासांवर आणा. सगळी पुस्तकं पहिल्या पानापासून तीनदा वाचून काढा. टेस्ट देणं थांबवा, कमी मार्क पडले की आत्मविश्वास जातो. सीसॅट, म्हणजे उतारे, तर्क आणि गणिताचा दुसरा पेपर, आता पात्रतेपुरताच आहे, त्यात वेळ घालवू नका. आणि परीक्षेत उत्तरपत्रिकेवर शंका असलेला एकही गोल भरू नका. एवढं केलं की सरकारी पोस्ट पक्की.

पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये या मेसेजची प्रिंट टेबलासमोर चिकटवलेली मी पाहिली आहे. पूर्व परीक्षेच्या आधी मी मुलामुलींचे सराव पेपर घेऊन त्यांच्याबरोबर बसते, त्यामुळे या सल्ल्याचं पुढे काय होतं तेही दिसतं. मेसेज पाठवणाऱ्यांची कळकळ खरी असेल. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला मार्क घालवणारा आहे, आणि त्याची किंमत घरून पैसे मागवून खोलीभाडं आणि मेस भागवणाऱ्या पोरांना मोजावी लागते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"रोज सोळा तास, झोप चार तास"

चोवीसातून सोळा आणि चार गेले की उरतात चार तास. त्यात आंघोळ, दोन वेळचं जेवण, मेसची रांग, अभ्यासिकेत जाणं-येणं, घरचा फोन. असं एखादा आठवडा रेटता येतं, महिनाभर नाही. पण खरं नुकसान झोपेचं आहे. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत, याबद्दल आता शास्त्रज्ञांत फारसा वाद नाही. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना सलग १४ दिवस चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं. चार आणि सहा तास झोपणाऱ्यांचं लक्ष आणि कामातली अचूकता दिवसागणिक घसरत गेली, पार एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. आणि आपण इतके घसरलोय हे त्यांना स्वतःला फारसं जाणवतच नव्हतं.

ही शेवटची गोष्ट परीक्षेत फार महागात पडते. "खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?" यातला "नाही" डोळ्यांखालून निसटतो, विधान अ बरोबर दिसताच पर्याय एकचा गोल भरला जातो, आणि पेनने भरलेला गोल पुन्हा खोडता येत नाही. उत्तर येत होतं, तरीही मार्क गेले. शेवटच्या महिन्यात सात तास झोप आणि नऊ-दहा तास मन लावून केलेला अभ्यास, यापेक्षा जास्त मागू नका. नोकरी सांभाळून परीक्षा देणाऱ्यांनी पाच-सहा तास दिले तरी चालतील, पुढच्या मुद्द्यात सांगितलेली पद्धत पाळली तर.

"सगळी पुस्तकं तीनदा वाचा"

मेसेजचा गाभा हाच आहे आणि सर्वांत मोठी चूकही इथेच आहे. आधी हिशेब करू. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान आणि चालू घडामोडी मिळून समजा अडीच हजार पानं होतात. तीनदा म्हणजे साडेसात हजार, रोजची अडीचशे. सोळा तास धरले तरी एका पानाला चार मिनिटं मिळत नाहीत. तेवढ्या वेळात डोळे पानावरून फिरतील. दुसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटेल, तिसऱ्याला तर "हे येतंच" असं वाटेल. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटल्यावर आठवणं वेगळं, आणि आयोग पुस्तक मिटल्यावरच विचारतो.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर राहिले. तीन वाचनांचा प्लॅन करणाऱ्याला रात्री झोपताना आपण भारी तयारीत आहोत असं का वाटतं आणि पेपरात दोन पर्यायांत तो का अडकतो, ते या आकड्यांतून कळतं.

मग करायचं काय, ते पंचायत राजवर करून दाखवते. प्रकरण उघडायचंच नाही. कोरा कागद घ्या आणि समित्या क्रमाने लिहा: बलवंतराय मेहता १९५७, वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, बाबूराव काळे १९८०, पी. बी. पाटील १९८४. आता प्रत्येकीपुढे एकेक शिफारस लिहा. बहुतेकांचा हात इथे थांबतो. जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेचा अध्यक्ष असावा असं मेहता समितीने म्हटलं की नाईक समितीने? मेहता समितीने. नाईक समितीने जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवलं आणि भर जिल्हा परिषदेवर दिला. त्यावरूनच १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढची ओळ: ७३वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३, अकरावी अनुसूची, २९ विषय. तिच्याखाली ७४वी, १ जून १९९३, बारावी अनुसूची, १८ विषय. या दोन ओळींची अदलाबदल होतेच, आणि बहुविधानी प्रश्नातलं चुकीचं विधान नेमकं तिथेच पेरलेलं असतं.

जिथे हात थांबला तेवढंच पुस्तक उघडून बघा, लाल पेनने कागदावर भरा आणि कागद ठेवून द्या. दोन-तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्यावर लिहा, मग आठवड्याने. वीस मिनिटांत एक प्रकरण होतं आणि कुठलं प्रकरण खरंच कच्चं आहे ते पहिल्याच दिवशी समजतं. भूगोलाला हेच कोऱ्या नकाशावर करा. सह्याद्रीतले घाट उत्तरेकडून दक्षिणेकडे: थळ, माळशेज, बोर, वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, आणि प्रत्येकाजवळ तो कुठली दोन गावं जोडतो ते. समाजसुधारकांना संस्था आणि सालांचा तक्ता: परमहंस सभा १८४९, प्रार्थना समाज १८६७, सार्वजनिक सभा १८७०, सत्यशोधक समाज १८७३. पोहणं काठावर बसून शिकता येत नाही, तसं आठवणं वाचून शिकता येत नाही.

याला जोडूनच मेसेजमध्ये "नवीन काही वाचू नका" असंही कधी कधी असतं. नवं पुस्तक आणू नका, इतपत ते बरोबर आहे. चालू घडामोडी मात्र नव्याच असणार, त्या कशा टाळणार?

"टेस्ट थांबवा, आत्मविश्वास जातो"

वरचा प्रयोग मान्य असेल तर हा मुद्दा आपोआप पडतो. टेस्ट हीच रिव्हिजन आहे. पण रोज एक पूर्ण पेपर देऊन नुसता स्कोअर ग्रुपवर टाकणं यालाही अर्थ नाही. आठवड्याला दोन पूर्ण पेपर पुरेत, त्यातला एक तरी आयोगाचा जुना असावा. पेपर दोन तासांचा असेल तर तपासायला तीन द्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण गोंधळ झाला, की प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या प्रकाराच्या मागे फार धावू नका, महिन्यात सगळं जग वाचून होत नाही. दुसऱ्या प्रकाराला कोरा कागद हाच उपाय. तिसरा प्रकार जास्त निघाला तर अभ्यास वाढवून उपयोग नाही, प्रश्नातल्या "नाही", "अयोग्य", "फक्त" या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा आणि झोप वाढवा. मी पाहते त्या पेपरांत दुसरा आणि तिसरा प्रकारच जास्त असतो, आणि परीक्षेआधी सुधारता येण्यासारखे मार्कही तिथेच असतात. कमी मार्कांनी वाईट वाटतं हे खरं. ते घरी वाटलेलं बरं.

"सीसॅटला हात लावू नका"

पात्रतेसाठी ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ गुण लागतात. प्रश्न ८०, प्रत्येकी अडीच गुण. ३२ बरोबर आणि २० चूक आले तर ८० मधून साडेबारा जाऊन साडेसदुसष्ट उरतात. म्हणजे दीड गुणाची फट. त्या दोन तासांत उताऱ्यांची लांबी पाहून घाबरलेला माणूस सहज या रेषेखाली जातो आणि मग जीएसचे, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरचे, कितीही गुण कामाला येत नाहीत. कला शाखेतून आलेल्या, गणित दहावीला सोडलेल्या मुलांना हा मेसेज सर्वांत जास्त धोक्यात घालतो. आठवड्यातून दोनदा, तेही दुपारीच, पेपर सोडवा. परीक्षेत सीसॅट सकाळच्या पेपरनंतर, थकलेल्या डोक्याने द्यायचा असतो.

"शंका असेल तर गोल भरू नका"

या सल्ल्याने कटऑफच्या, म्हणजे पुढे जायला लागणाऱ्या किमान गुणांच्या, काठावरची मुलं बाहेर पडतात, म्हणून इथे थोडं थांबते. जीएसमध्ये बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला पाव भाग म्हणजे अर्धा गुण वजा. समजा २० प्रश्नांत तुम्ही दोन पर्याय खात्रीने उडवलेत आणि उरलेल्या दोनांत अडलात. निम्मे बरोबर आले तर वीस मिळाले, पाच गेले, हातात पंधरा. ते वीस कोरे सोडले तर शून्य. पंधरा गुणांत कटऑफच्या अलीकडचा माणूस पलीकडे जातो.

एकच पर्याय उडवता आला तरी सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे गुणाचा तिसरा भाग फायदाच होतो. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर सरासरी फायदा इतका किरकोळ आहे की त्यावर विसंबू नये: वीसांत पाच बरोबर आले तर अडीच गुण मिळतात, दोनच आले तर पाच गुण जातात. तेव्हा नियम सोपा ठेवा. एक पर्याय कारणासहित उडवता आला की गोल भरा, काहीच उडवता आलं नाही की पुढे चला. यूपीएससी देणाऱ्यांनी मात्र हे गणित जसंच्या तसं नेऊ नये, तिथे वजाबाकी एक तृतीयांश असते.

हा नियमही आधी टेस्टमध्ये तपासा. दोन पर्यायांत अडलेल्या प्रश्नांवर पेपर देतानाच खूण करा आणि नंतर त्यातले किती बरोबर आले ते मोजा. चार-पाच पेपरांत तुमचा स्वतःचा आकडा हाती येतो, आणि तो कुठल्याही मेसेजपेक्षा भरवशाचा असतो.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट

हा प्लॅन तारीख ठरलेली आहे असं धरून चालतो. आपल्याकडे तसं असतं का? मार्च २०२१ मध्ये परीक्षा तीन दिवसांवर असताना कोरोनाचं कारण देऊन पुढे ढकलली गेली, मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली आणि अखेर २१ मार्चला पेपर झाला. २०२४ ची पूर्व परीक्षा २८ एप्रिलची ६ जुलैला गेली, तिथून २५ ऑगस्टला, आणि झाली १ डिसेंबरला. २०२५ मध्ये अतिवृष्टीमुळे २८ सप्टेंबरची परीक्षा ९ नोव्हेंबरला झाली. प्रत्येक वेळी सोळा तासांवाले सर्वांत आधी गळाले, कारण शरीरही संपलेलं असतं आणि वाचलेलं पुढच्या तारखेपर्यंत टिकलेलंही नसतं. कोऱ्या कागदांचा गठ्ठा असणाऱ्याला तारीख बदलल्यावर एवढंच करायचं असतं: दोन दिवस घरी जाऊन यायचं, आठवड्याच्या फेऱ्या दहा-बारा दिवसांवर न्यायच्या, चालू घडामोडींत नव्या महिन्यांची भर घालायची आणि नव्या तारखेच्या चार आठवडे आधी पुन्हा आठवड्याच्या फेरीवर यायचं.