सेकंदाला किती स्वर, हा थोरवीचा निकष नव्हे

क्लासिक रॉकमधील गिटारवादकांची प्रतवारी लावताना एक दावा हमखास पुढे केला जातो: थोर वादक तोच, जो सर्वांत वेगाने वाजवतो, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या डेव्हिड गिल्मरसारख्या संथ वादकांची जादू खरे तर महागड्या साहित्याची असते, आणि ज्याचे तंत्र अपुरे, त्याला पहिल्या रांगेत जागा नाही.

आधी वेगाचे पाहू. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ (१९७९) मधील ‘कम्फर्टेबली नम्ब’ या गाण्यातले सोलो (गिटारचे स्वतंत्र तुकडे) ऐकताना गिल्मर तार पडद्यावर दाबून बाजूला कशी ओढतो, याकडे लक्ष द्यावे. ताण वाढतो तसा स्वर चढतो. सतारीवरील मींडेचे तत्त्वही हेच. पडद्यावरचा स्वर आयता मिळतो, पण ओढलेली तार नेमकी कुठे थांबवायची हे केवळ कान सांगतो, आणि तिथे पोहोचल्यावर स्वर डोलता ठेवायचा असेल तर तो सगळा ताण पेलत बोटांनी तार लयीत सैल-घट्ट करावी लागते. वेगाच्या मोजपट्टीवर या कौशल्याला शून्य गुण मिळत असतील, तर दोष मोजपट्टीचा आहे. वेग म्हणजे दिखाऊपणा, असेही अर्थात नाही. एडी व्हॅन हेलनच्या ‘इरप्शन’ या वेगवान गिटारवादनाने (१९७८) वादनाची दिशाच बदलली. मात्र त्याच्या वेगाची नक्कल करणाऱ्यांपैकी किती जण दोन स्वरांत ओळखू येतात?

साहित्याचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली, पण ती किंमत त्याच्या हातांमुळे चढलेली होती. क्वीनच्या ब्रायन मेने तर आपली गिटार वडिलांच्या मदतीने, भिंतीतल्या शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड वापरून घरीच घडवली आणि ती तो सहा पेनीच्या नाण्याने छेडतो.

उरला तंत्राचा आक्षेप. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीने सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हातच जायबंदी झाला. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढवल्या आणि ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’च्या (१९७१) काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर उतरवून लावली. तारा सैल झाल्याने बोटांना आराम मिळालाच, शिवाय त्या जड, खोल नादाचा कित्ता पुढच्या पिढ्यांनी गिरवला. या वादकाला वगळायचे, तर हेवी मेटल या रॉकप्रकाराचा इतिहास कुठून सुरू करायचा, हे दावेदारांनी आधी सांगावे.