विंचू विकणे आहे

माझ्या गाडीत १४५ घोडे होते आणि मी ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहत होतो. या दोन गोष्टींचं एकमेकींशी कधी पटलं नाही.

गाडी म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो. १.४ लिटरचं, १४५ हॉर्सपॉवरचं टर्बो पेट्रोल इंजिन, जन्म आपल्या रांजणगावचा, संस्कार इटलीचे. २०१५ च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली आणि मी हुरळलो. चाकांवर विंचू, स्टिअरिंगच्या मधोमध विंचू. सासूबाई पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे काय हो, गाडीत विंचू?" मी अभिमानानं सांगितलं, की कंपनी काढणारे कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचे, म्हणून ही खूण. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे २०१५ साली शनी वृश्चिकेतच. साडेसातीतली मधली अडीचकी! जावईबापू, विचारायचं तरी होतं." पाश्चात्त्यांची रास सूर्यावरून धरतात आणि आपली चंद्रावरून, हा मुद्दा मी मांडून पाहिला. माजिवड्याच्या सिग्नलवर शास्त्रार्थाला भरपूर वेळ असतो. तरी हरलो.

कंपनीच्या कागदावर ही गाडी शून्यावरून शंभरवर ८.८ सेकंदांत जायची. कासारवडवलीहून सकाळी निघणाऱ्या माणसाला यातलं शून्य तेवढं ओळखीचं. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी. डावीकडे न्हावाशेवा बंदराचा कंटेनर, उजवीकडे मेट्रोचा खांब आणि मध्ये मी, पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर. टर्बोला जाग यायची तर इंजिन दोन हजारांच्या वर फिरावं लागतं. गाडी कधी तिसऱ्यात पडली, तर मी बायकोला हलवून दाखवायचो. ऑफिसला पोचेपर्यंत डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली कमावलेली व्हायची. हा एका पायाचा व्यायाम फुकट मिळतो, हे कंपनीनं जाहिरातीत का लिहिलं नाही कोण जाणे.

रविवारी पहाटे मात्र नाशिक हायवेला, पडघ्यापर्यंत, ती जे काही करायची! मग माजिवडा ते वडपे रुंदीकरण निघालं आणि तेही सुख गेलं.

खरी परीक्षा सोसायटीच्या गेटात. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक संस्था आहे. स्पीडब्रेकर कसा असावा हे तिनं लिहून ठेवलंय: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ च्या वेगानं अलगद ओलांडता यावा. आमचा स्पीडब्रेकर सेक्रेटरींनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमधून उरलेल्या सिमेंटमध्ये स्वतः उभं राहून घालून घेतला. उंची भरपूर, रुंदी विटेएवढी. गाडी नुसती असली तर निघायची. आई, बायको, मुलगा आणि दादरहून आणलेली खरेदी एवढं असलं, की पोट घासायचं. 'खर्रर्र' असा तो आवाज थेट माझ्या काळजातून यायचा. शेवटी शिस्तच पडली. गेट आलं, की आई विचारायची, "उतरू का रे?"

पण उतरणं म्हणजे सोपं नव्हे. मागचं दार अरुंद, सीट खोल आणि आईचे गुडघे सत्तरीचे. आधी पर्स बाहेर यायची. मग काठी. मग डावा पाय, त्याला जमीन सापडेपर्यंत सगळे श्वास रोखून. मग एक हात दाराच्या वरच्या कडेला आणि दुसरा वॉचमनच्या हातात. तो "आजी, वन, टू, थ्री" म्हणायचा आणि पाटावरून नवरी उठवावी तशी तिला उठवायचा. पदर सीटबेल्टच्या खाचेत अडकून मागेच राहायचा. तोवर मागच्या गाड्यांचे हॉर्न. एकदा ती उभी राहून धापा टाकत म्हणाली, "चांगली आहे हो गाडी. फक्त आत बसायला नको." निकाल तिथेच लागला.

सेडान, म्हणजे लांब, बसकी, मागे वेगळ्या डिकीची गाडी घ्यायची म्हटल्यावर सगळ्या बिल्डिंगनं मला वेड्यात काढलं. सेडान आता कोण घेतं? सगळ्यांना उंच गाड्या हव्यात. आम्ही तसलीही एक पाहिली. पाच फुटांच्या आत उंची असलेल्या आईनं पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शिडी वेगळी घ्यावी लागेल का?" शेजारच्या सीए साहेबांनी लिफ्टमध्ये गाठून समजावलं, की २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यापुढे ४०. "जास्तीच्या अर्ध्या मीटरसाठी एवढा कर?" मी म्हटलं, त्याच अर्ध्या मीटरमध्ये आईचे पाय बसतात.

शोरूममधला मुलगा मला "काका" म्हणाला. विंचवावरून उतरून आलेल्या माणसाला काका! त्यानं सीव्हीटी नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स समजावून सांगितला: गिअरच नाहीत, दोन पुल्या आणि त्यांवर एक पट्टा, पुल्या लहानमोठ्या होत राहतात. टेस्ट ड्राइव्हला मी जोरात पाय दाबला. आधी आवाज पुढे गेला, गाडी मागून सावकाश आली. मागे आई पाय लांब करून बसली होती. "हीच," ती म्हणाली.

आता विंचू खपवायचा. एक्स्चेंजवाल्यानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक दारावर टेकवलं, मोबाइलवर काहीतरी टिपलं आणि असा आकडा सांगितला, की मी घरी येऊन जाहिरात टाकली. मग फोन सुरू झाले. १४५ घोड्यांबद्दल एकानं विचारलं नाही. "अ‍ॅव्हरेज किती देते?" "लास्ट किती?" एकाला तर लग्नात वरातीपुढे चालवायला हवी होती.

शेवटी कळव्याहून एक पंचविशीतला मुलगा वडिलांना घेऊन आला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ड्रायव्हर सीटवर बसून तो मधल्या विंचवावरून अंगठा फिरवत राहिला. वडील कसलेले. डिकी उघडून पाहिली, बंद केली. "तुम्ही का विकताय?"

"आईचे गुडघे," मी म्हटलं.

त्यांनी नकळत आपल्या गुडघ्याला हात लावला. तरी मुलाकडे बघून टोकन दिलंच. गाडी त्यांच्या नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, विमा, पीयूसी असं सगळं झालं आणि विंचू कळव्याला गेला. विम्याचा नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ती ५० टक्के सूट माझ्याकडेच राहिली. गाडीला खरचटू नये म्हणून इतकी वर्षं केलेल्या जपणुकीची ही पेन्शन.

सेडान आली. स्पीडब्रेकर ती कुरकुर न करता ओलांडते. फक्त आमच्या पार्किंगच्या जागेत मावत नाही. नाक भिंतीला टेकवलं तरी शेपूट पिवळ्या पट्टीबाहेर. सेक्रेटरींचं पत्र आलंय, विषय: 'अनधिकृत लांबी'.

ते पत्र मी बायकोकडे दिलं, कारण गाडी आता तिचीच आहे. क्लच नाही म्हटल्यावर तिनं पहिल्याच आठवड्यात किल्ली घेतली. ती ऑफिसला, येताना मुलाला क्लासहून, शनिवारी आईला फिजिओथेरपीला. माझ्या वाट्याला तीन हात नाक्याची शेअर रिक्षा, तीही चौथी सीट, ड्रायव्हरशेजारची. अर्धा मी आत, अर्धा बाहेर.

आणि काय चालवतात हो! परवा कापूरबावडीला रिक्षावाल्या पोरानं दोन कंटेनरच्या मधून असा कट मारला, की माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "अ‍ॅव्हरेज किती देते रे?"

"सीएनजी आहे काका," तो आरशातून बघत म्हणाला, "पाय आत घ्या."