‘मधल्या दोघींना पाठव’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लहान आणि मोठ्या कुटुंबांतील आईवडिलांची मैत्री का विरत जाते, या माझ्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपण स्वतःची ओळख ‘चार मुलांची आई’ एवढीच करून दिली आहे. त्या लेखात मी, एका मुलीची आई, चार मुले असलेल्या माझ्या मैत्रिणीविषयी लिहिले होते. आपले म्हणणे असे, की मैत्रिणीच्या थोरल्या मुलीचे ‘बालपण हरवले’ हे मी परस्पर ठरवून टाकले, संशोधनाचा आधार सोयीपुरता घेतला आणि दुराव्याचा सगळा दोष तिच्या घरातील धावपळीवर ठेवून माझ्या वाट्याचे काही सांगितलेच नाही. पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत. तिसऱ्याविषयी मात्र बरेच लिहावे लागेल.

संशोधनाचे आधी सांगते. भावंडे वाढली की आईवडिलांचा वेळ, लक्ष आणि पैसा विभागला जातो आणि मुलांच्या शिक्षणावर त्याचा परिणाम होतो, हे समाजशास्त्रज्ञ ज्युडिथ ब्लेक यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रतिपादन मी दिले. पण २००५ मध्ये अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेच्या लोकसंख्येची माहिती तपासली, तेव्हा मूल कितवे आहे हे हिशेबात घेतल्यावर कुटुंबाच्या आकाराचा शिक्षणावरील परिणाम जवळजवळ उरला नाही, हे मी दिले नाही. एकुलती मुले एकलकोंडी आणि हट्टी असतात हा समज खोडून काढताना मात्र मी टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट या संशोधकांनी १९८६ मध्ये घेतलेला ११५ अभ्यासांचा आढावा अगत्याने पुढे केला होता. माझ्या घराविषयीचा समज पुराव्याने खोडायचा आणि आपल्या घराविषयीचा समज पुराव्याने पक्का करायचा, हा अन्यायच झाला.

आता त्या मुलीविषयी. मी मैत्रिणीच्या दारात उभी होते. नऊ वर्षांची थोरली दातांत पेन्सिल धरून धाकट्या भावाच्या बुटाची नाडी बांधत होती. गाठ बसल्यावर तिने बुटावर थाप मारली, तो पळाला आणि ती पुन्हा वहीकडे वळली. मी पाहिले ते एवढेच. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा होता की नाही हेही मला आठवत नाही, कारण माझे लक्ष तिच्या आईकडे होते आणि मनात निकाल लागून गेला होता. थोरल्या मुलांवर कधीकधी न पेलणारा भार पडतो, हे मी आजही म्हणेन. परंतु एका नाडीवरून तसे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

‘त्या सहाही जणांना तुम्ही कधी घरी बोलावलेत का?’ हा आपला प्रश्न मला सर्वांत जास्त लागला. नाही बोलावले. मी ‘मधल्या दोघींना पाठव’ म्हणत असे आणि त्याने तिचा भार हलका होईल, असे मला मनापासून वाटे. दोघी निघाल्या की धाकटा दारात रडत बसणार आणि त्याची समजूत थोरलीलाच काढावी लागणार, हे आपण लिहीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. समाजशास्त्रज्ञ जेम्स बोसार्ड यांनी १९४५ मध्ये मांडलेले साधे गणित आहे: तिघांच्या घरात दोघादोघांची नाती तीन होतात, सहा जणांच्या घरात पंधरा. त्या पंधरा नात्यांचा तोल मैत्रीण दिवसभर सांभाळत होती आणि माझे आमंत्रण तो बिघडवत होते.

तरीही, ‘एकच तर आहे तुला, तुला काय कळणार’ हे मैत्रिणीचे बोलणे थकलेल्या बाईचे म्हणून सोडून द्यावे, हा आपला सल्ला मला पटत नाही. माझी मुलगी डाव मांडून बसते तेव्हा समोर बसायला मी किंवा तिचे बाबा, तिसरे कोणी नसते. खेळायलाही आम्हीच आणि भांडायलाही आम्हीच. शिवाय ती एकुलती आहे ती आम्ही ठरवले म्हणून नव्हे. तिच्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. दुसरी वेळ नेमकी त्या महिन्यातली, ज्या महिन्यात मैत्रिणीने चौथ्या बाळाची बातमी सांगितली. मी तिचे अभिनंदन केले, माझे काही कळवले नाही आणि हळूहळू फोन कमी केले. तिचे चौथे मूल मला पसंत नाही, असाच अर्थ तिने माझ्या गप्प राहण्यातून काढला असणार, आणि तो चुकीचा आहे हे तिला कळायला मार्गच नव्हता. तिच्या चार मुलांत मला माझ्यावरचा शेरा दिसत होता. माझ्या एका मुलीत तिलाही तसाच दिसत असावा. लेखात मी ‘तिला वेळ उरला नाही’ असे लिहिले. वेळ तिच्याजवळ कमी होताच, पण आधी मागे सरले ती मी.

‘बालपण हरवले’ हे वाक्य आज मी लेखातून काढले आहे आणि २००५ च्या अभ्यासाचा उल्लेख जोडला आहे. ‘एकच तर आहे’ या बोलण्यावरील परिच्छेद ठेवला आहे. काल मैत्रिणीला पत्र लिहिले. त्यात त्या महिन्याविषयी सगळे सांगितले आणि सहाही जणांना बोलावले आहे.