बोजा उतरवायला भावकीच्या सह्या लागत नाहीत

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा: "सामाईक सातबाऱ्यावरचा बोजा काढायला सर्व सहखातेदारांच्या सह्या हव्यात. एकाने अडवलं की नोंद अडकली. कुणी कॅव्हेट टाकलं असेल तर आधी तेही काढावं लागतं."

सह्यांचं आधी. बोजा म्हणजे सातबाऱ्यावरची कर्जाची नोंद; ती उतरते कर्ज देणाऱ्याच्या पत्रावर. ज्याच्या नावे कर्ज होतं त्याने बँकेचं किंवा सोसायटीचं बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन तलाठ्याकडे, नाहीतर ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करायचा. गोंधळ होतो तो नोटिशीमुळे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० खाली हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. नोटीस मिळाल्याची सही म्हणजे संमती नव्हे. या कामासाठी कुणी हक्कसोडपत्रावर सही मागत असेल तर सरळ नकार द्या. त्याने बोजा नाही, तुमचा हिस्सा जातो.

एकाने हरकत घेतली तर? फेरफार (उताऱ्यातल्या बदलाची नोंद) तक्रारी नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये जातो आणि सुनावणी लागते. वेळ जातो, हे खरं. पण तिथे प्रश्न एवढाच की कर्ज फिटलं का. बांधाचं, वाटपाचं भांडण तिथे गैरलागू. निकाल विरोधात गेला तर कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्याकडे अपील, मुदत ६० दिवस.

खरं काम अडतं ते पत्रातल्या चुकांनी. 'कर्ज निरंक' एवढाच दाखला पुरत नाही. गट क्रमांक, कर्जदाराचं नाव, रक्कम आणि मूळ बोजाचा फेरफार क्रमांक पत्रात हवा. कर्ज नव्याजुन्यात फिरलं, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं काढलं असेल तर एकाच गटावर दोन बोजे असतात; पत्र एकाचंच मिळतं, दुसरा तसाच राहतो. गटाचे पोटहिस्से पडले असतील तर प्रत्येक उतारा तपासा. गहाणखत नोंदणीकृत असेल तर गहाण सुटल्याचं मुक्तिपत्रही नोंदवून घ्या.

कोर्टाचा मनाई हुकूम मात्र वेगळा. ती नोंद कोर्टाच्या आदेशाच्या प्रमाणित प्रतीशिवाय निघत नाही, बँकेचं पत्र तिथे निरुपयोगी.

राहिलं कॅव्हेट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ चं कॅव्हेट जमिनीवर चढतच नाही. माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, एवढीच ती कोर्टाला विनंती. ९० दिवसांत संपते. तिने ना खरेदीखत थांबतं, ना फेरफार.