‘हौशी’ या शब्दाबद्दल, आणि गिटारवरच्या सहीबद्दल

प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, हे आधी सांगतो. उडवता आली असती.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीवर मार्करनं केलेली एक सही आहे. ती घासून जाऊ नये म्हणून तिच्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक, लॅकरचे हात कसे मारले, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘वाद्यप्रेमी’ या नावानं एक गृहस्थ लिहितात की सहीवर क्लिअर मारायलाच नको होतं, फोटोत शेवटच्या अक्षराची शेपटी पसरलेली दिसते. त्यांच्या मते मी लॅकर आणि वार्निश यांत घोळ घातलाय. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा, ही साधी सूचना लेखात नाही. मार्करची शाई उजेडानं उडते, ते क्लिअरनं थांबत नाही. सही पिकगार्डवर (तारांखाली बॉडीवर स्क्रूनं बसवलेल्या पातळ पत्र्यावर) घेतली असती तर स्क्रू काढून वेगळी ठेवता आली असती. आणि एवढंच होतं तर मिरजेच्या कारागिराकडून लाखेचं पॉलिश करून घ्यायचं. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘हौशी लोकांनी असले सल्ले देत सुटू नये, कुणाची तरी आयुष्यभराची आठवण वाहून जाईल.’

हौशी. आणि ‘देत सुटू नये’. साहेब, सुटतो तो वळू. मी लेख लिहिला होता.

वार्निशचं मान्य. दोन ठिकाणी लॅकरला वार्निश म्हटलं होतं, ते दुरुस्त केलंय. चूक ती चूक.

आता हौशीचं. मी स्प्रेगन पहिल्यांदा हातात घेतली ती 1993 साली, नववीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं शेड होतं. एका ॲम्बॅसिडरच्या दरवाज्यावर त्यांनी मला कोट मारायला सांगितला. मी गन जवळ धरली, हात मध्येच थांबला, आणि रंगाचे तीन ओघळ खाली आले. वडील काही बोलले नाहीत. वॉटरपेपर आणि पाण्याची बादली पुढ्यात ठेवली आणि चहाला गेले. दोन दिवस तो दरवाजा घासत होतो. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की भाकरी मोडताना सटकायची. त्यानंतर रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टरची बोनेटं, लग्नाच्या बँडची गाडी, काय काय म्हणून रंगवलं नाही! ज्या गावानं चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव मेस्त्री यांचं आडनाव पुसून त्यांना ‘पेंटर’ हेच आडनाव दिलं, त्या गावात रंगाच्या धंद्यात तीस वर्षं टिकलेल्या माणसाला हौशी म्हणायचं, म्हणजे कमाल आहे. गिटार मी हौसेनं वाजवतो, हे खरं. क्लिअर हौसेनं मारत नाही.

बरं, लिहिणारे स्वतः कोण? नाव नाही, गाव नाही. नुसतं ‘वाद्यप्रेमी’. प्रेम करणाऱ्यानं नाव सांगायला काय हरकत असावी?

पिकगार्डबद्दल एवढंच म्हणतो, की 2007 साली केशवराव भोसले नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी तुम्ही माझ्या शेजारी उभे असता तर जरूर सांगितलं असतंत. ऑर्केस्ट्रा संपलेला, सामान टेम्पोत चढत होतं. ज्यांची सही हवी होती ते (नाव मागच्या लेखातही दिलं नव्हतं, आताही देणार नाही) एका हातात चहाचा कप घेऊन उभे होते. मार्कर पार्सलवर पत्ते लिहायचा, तो साउंडवाल्याकडून मागून घेतला. त्यांनी कप माझ्या हातात दिला, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि वरच्या कडेला, जिथं त्यांना जागा दिसली तिथं, सही केली. ‘जरा थांबा, पिकगार्डवर करा, पुढंमागं सोयीचं पडेल’ असं त्या वेळी मी म्हणायला हवं होतं काय? ते नाट्यगृह 2024च्या ऑगस्टमध्ये जळालं. रात्री लोकांबरोबर मीही जाऊन उभा राहिलो होतो. तेव्हापासून ती सही मला नुसती सही वाटत नाही. पण हे प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला कसं कळावं.

वरच्या कडेला म्हणजे नेमकं कुठं, तर वाजवताना उजव्या हाताचा कोपराखालचा भाग टेकतो तिथं. घाम, शर्टाची बाही, रोजचं घासणं. पहिलं अक्षर निम्मं गेलं होतं. म्हणून क्लिअर.

आता शेपटी. मोबाईलच्या फोटोत कड जाड दिसते, हे कुणीही सांगेल. काम कसं केलं ते पुन्हा सांगतो, म्हणजे शंका राहायला नको. पावसाळ्यात गिटारला हातच लावला नाही. आमच्याकडे जुलैत हवेला ओल असते. लॅकर पातळ करायला घातलेलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा धरतो आणि लॅकर दुधासारखं पांढरं पडतं. फेब्रुवारीची कोरडी सकाळ धरली. लॅकरमधलं थिनर मार्करची शाई विरघळवतं, खरी भानगड ती. म्हणून पहिले चार हात लांबून, नुसती धूळ उडवल्यासारखे मारले. थेंब पोचेपर्यंत निम्मं थिनर हवेतच उडालेलं असतं, त्यामुळं शाईला पाझरायला वाव राहत नाही. प्रत्येक हातानंतर वीस मिनिटं थांबलो. सही नीट झाकली गेल्यावर पाचवा हात ओला. तिथं गन जरा जवळ गेली असेल, शेपटीला केसभर जांभळी कड आली. केसभर! तेवढ्यावरून ‘पसरली’ म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि आता लाख. ही सूचना वाचून मी मोठ्यानं हसलो, शेडमधली पोरं बघायला लागली. मिरजेबद्दल मला पूर्ण आदर आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याआधी शंभर वर्षं मिळायला हवं होतं. पण साहेब, लाखेचं पॉलिश करताना लाख विरघळवतात कशात? स्पिरिटमध्ये. आणि पाटीवर चुकून परमनंट मार्करनं लिहिलं तर शाळेतली पोरं पुसतात कशानं? त्याच स्पिरिटनं. त्यात पॉलिश लावतात ते कापडाच्या बोळ्यानं, घासून. पहिल्याच फेरीत बोळा काळा झाला असता आणि सही मिरजेत राहिली असती. तंबोऱ्यावर कुणी मार्करनं सही करत नाही, म्हणून तिथं तो प्रश्न येत नाही. हौशी कोण, ते वाचकांनी ठरवावं.

उजेडाचं म्हणाल तर गिटार पेटीत असते. बाहेर येते ती वाजवायला, तेही रात्री. विषय संपला.

राहिलं टाकाऊ तुकड्याचं. त्यात एवढं ओरडण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. क्लिअर मारणारा माणूस आधी करून बघतोच. ते लिहायचं म्हणजे मिसळीच्या कृतीत ‘गॅस पेटवा’ लिहिण्यासारखं. मी करून बघितलं होतं का, असं कुणी विचारेल. माझा हात बसलेला आहे, मला गरज नव्हती. ती जांभळी कड वेगळ्या कारणानं आली, ते वर सांगितलंच.

तरीही काल रात्री लेखात एक ओळ वाढवली आहे: ‘रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर त्याच मार्करनं आधी लिहा, दोन दिवस वाळू द्या, क्लिअर मारून बघा, मगच सहीला हात लावा.’ वाद्यप्रेमींच्या सांगण्यावरून नाही. इचलकरंजीच्या एका कॉलेजातल्या पोरानं लेख वाचून मेसेज केला. त्याच्याही गिटारवर सही आहे, त्यानं बाजारातून क्लिअरचा कॅन आणलाय, आणि विचारत होता, ‘दादा, डायरेक्ट मारू का?’

त्याला म्हटलं, थांब. मार्कर घेऊन शेडवर ये. जुन्या टेम्पोचा एक दरवाजा पडलाय, त्यावर आधी मारू.