नकाशावरचं अंतर वेगळं, पाण्यातलं वेगळं

समुद्री शेवाळावरच्या लेखातला मुद्दा, की दोन किनाऱ्यांवरच्या शेवाळाचं जनुकीय नातं किलोमीटरवर नाही तर प्रवाहावर ठरतं, तो मला एकदम पटला. आमच्या गोव्यातल्या हणजूणच्या खडकांवर पाऊस सरला की सर्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ दाट वाढतं, ओहोटीला एक फांदी हातात घेऊन बघा, वाटाण्यापेक्षा बारीक हवेचे फुगे असतात, चिमटीत दाबले की टचकन फुटतात. त्या हवेमुळेच तुटलेलं झाड बुडत नाही. त्याची फलित झालेली बीजं आईच्या पायाशीच पडतात हो, जास्त लांब जात नाहीत, म्हणजे लांबचा प्रवास हा असा तरंगतच. आणि आपला किनाऱ्याजवळचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला वाहतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उलटा उत्तरेला, मग थंडीत इथून सुटलेली फांदी वेंगुर्ला-मालवणकडे जायची शक्यता जास्त, कारवारकडे कमी.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या बुल केल्पची (हेही एक मोठं समुद्री शेवाळ) डीएनए तपासणी केली तेव्हा ते कर्गेलन आणि साऊथ जॉर्जिया या दूरच्या दक्षिणेकडच्या बेटांहून आल्याचं कळलं, त्यातलं एक तर सुमारे 20,000 किमी तरंगून! 2018 साली हे छापून आलं, मी दोनदा वाचलं.

पण पोचणं वेगळं आणि रुजणं वेगळं. मध्ये कळंगुटसारखी लांब वाळू आली की चिकटायला दगडच नाही, म्हणून आपल्याकडचा खडकाचा एकेक तुकडा मला फार मोलाचा वाटतो, तो उजाड झाला तर प्रवाहाच्या पुढच्या खडकांना नवीन जनुकं पुरवणारं घरच गेलं. किनाऱ्यावर बांधकामाला परवानगी देताना हे कोणीतरी विचारात घ्या, कळकळीची विनंती.